बापूंनी तांब्यात मढवलेली गिटार

"हे मी फ्रीगंजच्या बाजारात उभं राहून सांगितलं ना मुक्ता, तर एक माणूस विश्वास ठेवणार नाही," बापू म्हणाले आणि गिटार मांडीवर घेऊन आरामखुर्चीत टेकले.

मुक्ता शेजारच्या केदारची मुलगी, दुरुस्तीला दिलेली गिटार न्यायला आली होती. बँकेत नोकरी, आणि सुट्टीच्या दिवशी हे वाद्य. आज कोजागिरी होती. संध्याकाळी मराठी मंडळाच्या गच्चीवर ती वाजवणार होती. मागच्या वर्षी तिच्या गिटारमधून अशी घूंऽ निघत राहिली की मधेच एक आजोबा उठले आणि ट्यूबलाइट बंद करून आले. लोक पोटभर हसले. घूं तशीच राहिली. यंदाही तेच झालं तर पुन्हा स्टेजवर चढायची नाही, असं ती गिटार ठेवून जाताना हसत हसत म्हणाली होती.

काम तसं साधं होतं. गिटारच्या पोटात, वायरी असतात त्या पोकळीला तांब्याची पट्टी चिकटवायची, म्हणजे बाहेरच्या विजेची घरघर आत शिरत नाही. आणि टोनच्या बटणाचा जुना कपॅसिटर काढून नवा जोडायचा, म्हणजे आवाजाचा कर्कशपणा जातो. सामान तिनंच आणून दिलं होतं. बापूंनी पिशवीत डोकावून पाहिलं आणि म्हणाले, "इतकंच? अगं, अख्ख्या नानाखेड्याचे टेलिफोन मी जोडलेत. तू बिलकुल परेशान होऊ नकोस."

पिशवी अजून गादीखाली होती. दुपारी जेवण झाल्यावर त्यांनी गिटारच्या पोकळीवरचं झाकण उघडलं होतं. आत शेवयांसारख्या वायरी. सोल्डरिंगची कावीय तापवून हातात धरली आणि हात थरथरायला लागला. वर्षभर असंच चाललं होतं. त्यांची बायको जयूबाई त्यांना चहा हल्ली अर्धाच कप भरून देत; का, ते दोघंही बोलत नसत. कावीयचं टोक भलतीकडेच टेकलं, एका वायरीचं प्लास्टिक जळाल्याचा वास आला, तसं बापूंनी झाकण लावून टाकलं.

जमलं नाही, हे मुक्ताला सांगायला हवं होतं. पण पूर्वी या घरात दुरुस्तीला इस्त्र्या यायच्या, मिक्सर यायचे, टेबलफॅन यायचे; निवृत्तीनंतरचे दिवस 'बापू, जरा बघून द्या' या एका वाक्यावर निघाले होते. आता लोक नवीनच विकत आणत. बघून द्या म्हणणारी ही पोरगी तेवढी उरली होती.

म्हणून ते दमलेल्या आवाजात गोष्ट ओढू लागले. तिची पट्टी त्यांनी वापरलीच नव्हती म्हणे. त्यांचे खापरपणजोबा संस्थानच्या नगारखान्यात होते. त्या नगाऱ्याचं तांब्याचं भांडं घरात पडून होतं, त्यातलाच पत्रा कापून बसवला. त्या नगाऱ्याचा आवाज देवासपर्यंत जायचा. इतकी वर्षं ज्या तांब्यानं आवाज बाहेर फेकला, ते उलटं करून लावलं, की बाहेरचं काही आत येऊच देत नाही. आणि कपॅसिटर? तो बापूंच्या सासूबाईंच्या रेडिओतला. त्या रेडिओवर कांद्याचे बाजारभावसुद्धा अंगाईसारखे वाटायचे. काल गिटार लावून पाहिली तर अशी शांतता पसरली, की पलीकडच्या घरातल्या प्रसादचा फ्रिज लाजून बंद पडला.

स्वयंपाकघरात जयूबाई दुधाचा मसाला कुटत होत्या, त्यांचा खलबत्ता आईच्या रेडिओचं नाव निघताच क्षणभर थांबला आणि पुन्हा सुरू झाला.

मुक्ता खूप हसली. मग म्हणाली, "चला, एकदा लावून बघते."

तांब्याला चंद्र उगवेपर्यंत विश्रांती लागते, असं बापू सांगायला लागले. तोवर तिनं बरोबर आणलेला छोटा अँप्लिफायर प्लगला जोडून वायर गिटारमध्ये खोचलीही होती. घूं सुरू होणार, इतक्यात बापूंनी डावा पंजा सगळ्या तारांवर पालथा टाकला. तारांना माणसाचं अंग लागलं की ही घरघर दबते, एवढं ज्ञान त्यांच्यापाशी होतं.

अँप्लिफायरमधून घूं आलीच नाही.

"बघ. आहे कुठे?"

मुक्ताचा चेहरा उजळला, आणि तेच त्यांना सोसेना. ते घाईनं पुढे बोलत राहिले, नगारा आता देवास ओलांडून इंदूरपर्यंत ऐकू जाऊ लागला. पण पंजा थरथरत होता, त्याखाली तारा थरथरत होत्या, आणि अँप्लिफायर ती बारीक कुरकुर मोठी करून खोलीभर ऐकवत होता. मुक्ता आधी अँप्लिफायरकडे बघत राहिली. मग त्यांच्या हाताकडे.

तिनं हलकेच त्यांचं मनगट धरून उचललं. मागच्या वर्षीची घूं जशीच्या तशी खोलीत भरली.

"बापू," मुक्ता म्हणाली, "तुम्ही आत काहीच केलेलं नाही."