शपथेच्या दुसऱ्या दिवशी

मित्रांनो, नाव ऐकून मागे सरकू नका. मी एक जुना वस्तरा आहे, घडी घालून शिंगाच्या मुठीत मिटणारा. नव्या पात्यांच्या जमान्यात मला फारसे कोणी विचारत नाही, म्हणून बोलायला वेळ आहे.

एका कारागिराने मला तापवले, ठोकले, पाण्यात बुडवले आणि दगडावर इतके घासले की मला त्याचा रागच आला. पण राग गेला तेव्हा मला धार आली होती. एका दाढी-कटिंगच्या दुकानाच्या मालकाने मला विकत घेतले. तो रोज सकाळी मला चामड्याच्या पट्ट्यावर फिरवी, मगच पहिल्या गिऱ्हाइकाला खुर्चीत बसवी. वय झाल्यावर त्याने मला मुलाच्या हाती दिले. मी नाक मुरडले. हा पोरगा मला काय सांभाळणार? पण त्याचा हात पहिल्यांदा गालावरून फिरला आणि मी निमूट झालो. गिऱ्हाइके खुर्चीतच पेंगायची. त्याला सगळे लाडाने ‘मखमल’ म्हणू लागले. बापाने मात्र तोंडाने कधी कौतुक केले नाही. तो दर रविवारी येऊन मुलाच्या हातून दाढी करून घेई, तेच त्याचे कौतुक.

दारूची सुरुवात साधीच होती. दुकान बंद केल्यावर मित्रांबरोबर एखादा घोट. मग शटर लवकर खाली येऊ लागले. पुढे तर सकाळी शटर वर जाण्याआधीच आरशामागची बाटली निघू लागली. मित्रांनो, तो हात माझ्याइतका जवळून कोणी पाहिला नाही. प्यायला नसेल तेव्हा तो थरथरे, आणि दोन घोट पोटात गेले की मखमल परत येई. लोकांना वाटे, हा मजेसाठी पितो. मजा केव्हाच संपली होती. आता तो फक्त हात स्थिर राहावा म्हणून पीत होता.

एका शनिवारी बाप दुकानात आला. आरशामागची बाटली त्याने स्वतःच काढून मुलासमोर आपटली.

“पुरे झाली ही थेरं. उद्यापासून थेंबालाही शिवणार नाहीस. घे माझी शपथ!”

“नाही शिवणार, बाबा. तुमची शपथ.”

त्याने ती मनापासून घेतली. उरलेली सगळी बाटली त्याने माझ्या डोळ्यांदेखत बेसिनमध्ये ओतली.

दुसऱ्या दिवशी रविवार. बाप ऐटीत खुर्चीत बसला. मुलाने साबणाचा फेस केला, पण त्याच्या कपाळावरून घाम निथळत होता. उजवे मनगट त्याने डाव्या हाताने आवळून धरले. गाल कसेबसे पार पडले. हनुवटीखाली मात्र हात उसळला. मी सगळा जीव एकवटून सरळ राहू पाहिले, पण पात्याला हाताचेच ऐकावे लागते. पांढऱ्या फेसात लाल रेघ उमटली.

“पिऊन आलास? बापाच्या गळ्यावर पिऊन वस्तरा चालवतोस?”

मुलाने तोंड उघडले आणि तसेच मिटले. बाप अर्ध्या दाढीवर, फेस माखलेल्या तोंडाने भर रस्त्यातून निघून गेला. बाकावर बसलेली गिऱ्हाइकेही एकेक करून उठली. त्या दिवशी मुलाच्या पोटात दारूचा थेंबही नव्हता. हे फक्त दोघांना ठाऊक होते आणि त्यातला एक पोलादाचा होता. त्या दुपारी तो पुन्हा प्यायला.

नंतर दुकानाला कुलूप लागले. मी खणात पडून गंजू लागलो. एके दिवशी मुलाची बायको दुकान झाडायला आली आणि मागोमाग तिचा सासराही आला. मुलगा दवाखान्यात आहे, हे मला त्यांच्या बोलण्यातून कळले.

“काय म्हणाले डॉक्टर?” सासऱ्याने विचारले.

“आजार आहे म्हणाले. शरीराला दारूची इतकी सवय होते की ती एकदम तोडली तर हात थरथरतात, घाम फुटतो, फिटसुद्धा येते. घरच्या घरी असं सोडणं जिवावर बेतू शकतं. औषधं देऊन सोडवावी लागते.”

“आजार कसला डोंबलाचा! मनावर घेतलं की सुटते.”

“बाबा, तुमची साखर मनावर घेतल्यानं उतरते का? आणि तुमच्या खिशातली बिस्किटं मला दिसत नाहीत असं समजू नका.”

सासऱ्याने खिशावर हात ठेवला. मग हळूच म्हणाला, “हात थरथरतात म्हणालीस. न पिताच?”

“न पिताच.”

“म्हणजे त्या रविवारी...”

“ते त्यांनाच विचारा,” असे म्हणून ती पुन्हा झाडू लागली.

मुलगा उपचार घेऊन परतला तेव्हा वाळला होता. त्याने आधी फळीवरच्या लोशनच्या बाटल्या हटवल्या आणि तिथे तुरटी ठेवली. एका गिऱ्हाइकाने लोशन मागितले.

“त्यात अल्कोहोल असतं, साहेब,” तो म्हणाला. “मला दारूचा आजार आहे. तो वास जवळ नको.”

रोज संध्याकाळी तो आपल्यासारख्याच माणसांच्या बैठकीला जाई. तरी एकदा पाय घसरलाच. बायको रडली, चिडली, दुकानातला कपही फोडला, पण त्याच दिवशी त्याला डॉक्टरांकडे घेऊन गेली. उपचार पुन्हा सुरू झाले. बाप मात्र दाढीला दुसऱ्याच गल्लीत जात राहिला.

आणि एका रविवारी तो येऊन खुर्चीत बसला.

“नवं पातं नको. तो जुना काढ.”

मुलाने माझा गंज काढला, मला पट्ट्यावर फिरवले. बाप आरशात त्याचा हात बघत होता.

“थरथरतोय का रे?”

“थोडा. भीती वाटतेय, बाबा.”

“त्या रविवारी प्यायला होतास?”

“नव्हतो.”

“मग बोलला का नाहीस?”

“तुम्ही विश्वास ठेवला असता?”

“नसता ठेवला,” बाप म्हणाला. “चुकलं माझं.” आणि त्याने आपणहून हनुवटी वर केली.

मित्रांनो, मला एकदा लावलेली धार जन्मभर पुरत नाही, रोज पट्ट्यावर फिरावेच लागते. तोही ‘बरा झालो’ म्हणत नाही, ‘आज प्यायलो नाही’ एवढेच म्हणतो. तुमच्या घरी असे कोणी असेल तर त्यांच्या पिण्यात तुमचा दोष नाही, हे आधी मनात पक्के करा. विश्वासाच्या मोठ्या माणसाला सांगा. आणि थरथरत्या हाताला शपथ घालू नका. तो हात धरा आणि त्याच्याबरोबर दवाखान्यापर्यंत चाला.