वीतभर भिंत

लांदीनं चौथ्यांदा कॅमेऱ्यातून पाहिलं आणि चौथ्यांदाही नासारियो चाब्ले तिथंच उभा होता. वेशीच्या भिंतीला पाठ लावून, हात सरळ खाली, हनुवटी वर. त्याच्या शेजारी तिनं लाल-पांढऱ्या पट्ट्यांची मोजकाठी उभी केली होती. उंची कळायला ती काठी पुरेशी होती, पण हे या माणसाला सांगून सांगून तिच्या घशाला कोरड पडली होती.

“काका, बाजूला व्हा ना जरा.”

नासारियो दोन पावलं सरकला आणि पुन्हा तसाच ताठ उभा राहिला.

“बाजूला म्हणजे बाहेर. पार त्या मोठ्या झाडाखाली जाऊन बसा.”

“मी असलो तर फोटो नासतो का?”

“हो, नासतो.”

“जुन्या फोटोत माणूस होता. तेव्हा नाही नासला.”

लांदीनं डोळे मिटले आणि मनातल्या मनात दहापर्यंत आकडे मोजले. प्राचीन नगराच्या उत्तरेकडच्या या वेशीवर तिरपं ऊन पडायचं ते जेमतेम नऊपर्यंत. त्यानंतर सगळे दगड सपाट दिसायचे, आणि दहा वाजले की लोक शेतं जाळायला घ्यायचे, मग धुरात भिंतही दिसायची नाही. पहिला दिवस त्या धुरात गेला. काल या माणसानं हट्ट धरला की भिंतीवरचं गवत काढल्याशिवाय फोटो काढायचा नाही, आणि एकेक काडी उपटत दुपार केली. आज तिसरा दिवस, परवानगीचा शेवटचा. संध्याकाळच्या बसनं मेरिदाला परत जायचं होतं आणि हातात धड एक फोटो नव्हता.

फोटो नुसता सुंदर दिसण्यासाठी नव्हता, हीच तर पंचाईत होती. जुन्या नोंदीत वेशीपाशी तटाची उंची अडीच मीटर होती. आता टेप लावली तर सव्वादोन भरत होती. म्हणजे वीतभर भिंत गेली, दगडांचा वरचा अख्खा थर. मेरिदाच्या पुरातत्त्व कार्यालयानं कागद काढला होता: फोटो येऊ द्यात, मग राखणदाराचं काय करायचं ते ठरवू. काय ठरणार ते गावातल्या कोंबड्यांनाही ठाऊक होतं. राखणदार एकतीस वर्षं एकच होता, नासारियो. नोकरी जाणार ती जाणारच, पण त्याला त्याहून जास्त लागलं होतं ते वेगळंच. या एकतीस वर्षांत त्यानं ज्यांना इथला खडासुद्धा उचलू दिला नव्हता, ते सगळे आता त्याला बघून हसत होते.

लांदीचं त्याच्याशी काही वाकडं नव्हतं. पण सकाळी येताना त्याच्या परसाचं दगडी कुंपण तिनं पाहिलं होतं. गावात प्रत्येक घराला तसलंच कुंपण असतं, तिच्या आजोळीही होतं. तरी तिनं वळून पाहिलं, आणि पाहिल्याची तिची तिलाच लाज वाटली.

“काका, हात जोडते. पाऊण तास उरलाय.”

नासारियो हलला नाही. उलट चिडून बोलायला लागला.

“माझ्या साडूनं डुकरांच्या कोंडवाड्यासाठी इथले चार दगड नेले होते. मी ते डोक्यावरून परत आणले, एकेक करून, भर गावातून. बारा वर्षं झाली, तो माझ्याशी बोलत नाही. आणि थर मी नेला?”

“मी कुठं म्हणते तुम्ही नेला? टेप म्हणते भिंत कमी भरते.”

“टेपला काय कळतं?”

“मग कोणाला कळतं?”

“मला. माझ्या बापाला.”

आता बाप. लांदी तिच्या सामानाच्या पिशवीवर मटकन बसली. एकदाचं या माणसाचं तोंड बंद करावं म्हणून तिनं जुन्या फोटोची छापील प्रत काढली आणि त्याच्यापुढं धरली. वेस, तट, आणि तटाला पाठ लावून उभा एक माणूस. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं: मजूर, उंची १.६८, तटाची उंची त्यावरून. कॅमेरा कुठं लावायचा ते ठरवायला तिनं ही प्रत वीस वेळा पाहिली होती. माणसाकडं मात्र एकदाही नीट पाहिलं नव्हतं.

“हाच माझा बाप,” नासारियो म्हणाला. “डोकं कुठं आलंय बघा. त्या पांढऱ्या शिरेच्या दगडाला. आता माझं बघा.”

तो परत भिंतीपाशी जाऊन उभा राहिला. पांढरी शीर त्याच्या टाळूला टेकली होती.

“भिंत जागेवर आहे की नाही? हेच दाखवतोय मी सकाळपासून.”

“दाखवताय? तोंडानं सांगता येत नाही?”

“तीन दिवस सांगतोय. तुम्ही म्हणता, बाजूला व्हा.”

तिनं फोटोवर पेन्सिल धरली. एक माणूस, वर अर्धा माणूस, की तटाचा माथा. मग उठून कॅमेऱ्यातून पाहिलं. एक नासारियो, वर अर्धा नासारियो, की माथा. तिनं पुन्हा मोजलं. दीडच.

“तुमच्या वडिलांची उंची किती होती?”

“माझ्याएवढी. आमच्या घरात सगळे एकाच मापाचे.”

“एक अडुसष्ट?”

तीन दिवसांत नासारियो पहिल्यांदा हसला.

“एवढा उंच गावात कोण आहे? एक पाद्री होता, तोही बाहेरचा.”

“मग इथं हा आकडा कसा आला?”

“पहिल्या दिवशी फोटोवाल्यांनी मुकादमाला मोजलं. तो शहरातला, चांगला लांबलचक. नंतर जो रिकामा दिसेल त्याला भिंतीपाशी उभा करायचे. मोजायला वेळ कोणाला होता? आकडा तोच लिहीत गेले. बाप सांगून हसायचा.”

“अहो, मग हे कार्यालयात का नाही सांगितलंत?”

“त्यांनी दगड किती विचारलं, कुलूप कुठं असतं विचारलं. बाप केवढा होता ते कोणी विचारलं नाही.”

लांदीला स्वतःचाच इतका राग आला की टेप तिच्या हातातून दोनदा सुटली. तिनं त्याला टोपी काढायला लावली, वहाणा काढायला लावल्या आणि टेप लावली.

“ओळखपत्रावर एक साठ आहे,” नासारियो घाईघाईनं म्हणाला.

“एक एकावन्न.”

“नीट बघा.”

“नीटच बघितलं. एक एकावन्नची दीडपट किती? सव्वादोन. थोडीफार वरच. तुमची भिंत एक बोटभरही कमी नाही, काका.”

त्यानं मान हलवली. पण त्याचं लक्ष भिंतीकडं नव्हतं, टेपवरच्या आकड्याकडं होतं.

“आणि हे फोटोखाली लिहिणार?”

“हे, तुमचं नाव आणि वडिलांचं नाव. लिहावंच लागेल. चला, उभे राहा. ऊन चाललं.”

आता तीच त्याला दंडाला धरून भिंतीपाशी घेऊन गेली. काठी सरळ केली, धावत मागं आली, कॅमेऱ्याला डोळा लावला. बटणावर बोट ठेवलं आणि थांबली. पांढरी शीर दिसत नव्हती. नासारियोचं डोकं शिरेच्या चांगलं वर गेलं होतं.

“काका, टाचा टेका.”

“टेकल्यात.”

“नाही टेकल्या. मला इथून दिसतंय.”

“थोडं इकडंतिकडं झालं तर काय बिघडतं? साठ तर साठ.”

“साठ झालात तर भिंत पुन्हा कमी भरेल. मला एकावन्नच हवेत.”

नासारियोनं गावाच्या रस्त्याकडं पाहिलं. एक माणूस सायकलवरून जात होता. तो वळणाआड जाईपर्यंत नासारियो तसाच उभा राहिला, आणि मग त्यानं टाचा खाली टेकल्या.