तीन चाव्यांचे कुलूप

मित्रांनो, कुलपाने बोलू नये असा संकेत आहे. आमचा धंदाच तोंड मिटून बसण्याचा. पण मी एक म्हातारे पितळी कुलूप. इतकी वर्षे इमानाने गप्प राहिल्यावर एकदा तोंड उघडायला हरकत नसावी. सांगून झाले की पुन्हा मिटेन.

माझा जन्म अलिगढचा. तिथल्या भट्टीत माझे पितळ वितळले आणि एका चष्मेवाल्या कारागिराने कानशीने घासून घासून मला माणसात आणले. पोटात सहा लिव्हर, जोडीला दोन चाव्या. पुढे नाशिकच्या भांडीबाजारात मी वर्षभर खिळ्याला लटकत होतो. तिथून मला आप्पांनी, म्हणजे शरच्चंद्र आप्पांनी घेतले. आप्पा नाशिकरोडला नोटांच्या छापखान्यात नोकरीला होते. रोज संध्याकाळी झडती देऊन घरी येणारा माणूस कुलूप कसे निवडतो, ते मी त्या दिवशी पाहिले. त्यांनी मला कानाशी धरून सात वेळा चावी फिरवली. दुकानदाराने कंटाळून चहा मागवला. तो पिऊन आप्पांनी आणखी दोनदा फिरवली.

इंदिरानगरच्या त्यांच्या फ्लॅटला बाहेरून जाळीचे दार होते. त्या दाराला मी लागलो. एक चावी आप्पांकडे, दुसरी त्यांच्या मुलाकडे, विश्वेशकडे. विश्वेशचे लग्न झाले. त्याची बायको लतिका बँकेत जाऊ लागली आणि दिवसभर घर रिकामे पडू लागले. त्याच वर्षी धुण्याभांड्याला सुलाबाई आल्या. मूळच्या कळवणकडच्या, आता राहायला जवळच वडाळागावात. सहा महिने त्यांचे काम पाहून आप्पा एक दिवस मला पिशवीत घालून भद्रकालीत घेऊन गेले. तिथे फूटपाथवर खाजाभाई चाव्या बनवत बसत. तिसरी चावी कुणासाठी, असे त्यांनी विचारले. घरकाम करणाऱ्या बाईंसाठी, असे आप्पा म्हणाले.

खाजाभाई हातातली कानस बदलून बारीक कानस घेत म्हणाले, "मग नीट बनवतो. घरवाल्यांची चावी अडली तर ते शेजारी जाऊन बसतात. बाई कुठे बसणार?"

ती चावी सुलाबाईंनी पदराच्या टोकाला गाठ मारून बांधली. अठरा वर्षे ती तिथेच होती. लुगडी बदलली, गाठ रोज नवी पडली, चावी तीच. माझे दात झिजले तसे तिचेही झिजले. शेवटी शेवटी तर मला बाकीच्या दोन चाव्यांपेक्षा तीच जास्त पटकन कळायची. दर दसऱ्याला सुलाबाई मला दोन थेंब तेल घालत, कुंकवाचे बोट लावत आणि झेंडूचे एक फूल अडकवत. घरातल्या इतर कुणी मला तेल घातल्याचे स्मरत नाही. मी तक्रार करत नाही. कुलूप चांगले चालते तोवर ते कुणाला दिसत नाही, एवढेच सांगतो.

पुढे आप्पा निवृत्त झाले, त्यांचे गुडघे गेले. कुणी आले तरी आपल्याला उठायला नको म्हणून तेच सांगत, मला बाहेरून लावून जा. सकाळी अकराला सुलाबाई येत, मला उघडत, आधी आप्पांना चहा देत, त्यांना पेपरातल्या मृत्यूच्या जाहिराती मोठ्याने वाचून दाखवायला लावत आणि मग भांड्यांकडे वळत. वाचायचे आप्पांनी, हळहळायचे सुलाबाईंनी, अशी वाटणी होती.

आता विश्वेशबद्दल. तो वाईट माणूस नाही, हे आधीच सांगतो. तो फक्त सेलचा माणूस आहे. फोनवर सेल लागला की त्याच्या चेहऱ्यावर जे तेज येते, ते इराच्या बारशालाही आले नव्हते. इरा त्याची मुलगी. तिच्यासाठी म्हणून घरात बऱ्याच वस्तू आल्या आणि त्यांच्याशी तोच खेळत बसला. बोललेले ऐकणारे दिवे आले. ते आप्पांचे मराठी ऐकेनात, म्हणून आप्पा संध्याकाळी अंधारात बसू लागले. फरशी पुसणारे गोल यंत्र आले. ते सोफ्याखाली जाऊन अडकायचे आणि मदतीसाठी हाका मारायचे. सुलाबाईंनी चार दिवस त्याचे काम पाहिले आणि त्या लतिकावहिनींना म्हणाल्या, "लय गुणी हाय. कोपऱ्यात जातंच नाय. माझी सून पण अशीच पुसती."

कुठलीही वस्तू घेण्याआधी विश्वेश चारशे अनोळखी लोकांची मते वाचायचा. वस्तूबरोबर आलेला कागद मात्र त्याने कधी उघडला नाही. रिकामा डबा तो टेप लावून माळ्यावर ठेवायचा. पुढेमागे विकताना डबा असला की गिऱ्हाईक खूश होते, असे त्याचे म्हणणे. माळा डब्यांनी भरला होता. विकले मात्र आजवर काहीच नव्हते.

गेल्या दसऱ्याच्या मुहूर्तावर बोटाचा ठसा पाहून उघडणारे कुलूप आले. काळे, गुळगुळीत, निळा दिवा असलेले. आकडे दाबून उघडणारे मॉडेल सेलमध्ये नव्हते. लांबून फोनवर उघडता येणारेही नव्हते. हे होते, म्हणून हे आले. विश्वेशने मला कडीतून काढले आणि चपलांच्या कपाटावर ठेवले. तिथून मी पुढचे सगळे पाहिले.

घरातल्या सगळ्यांचे ठसे घेतले. आप्पांचा आला, इराचा तर एका झटक्यात आला. मग सुलाबाई पुढे झाल्या. हात धुऊन, पदराला पुसून त्यांनी अंगठा ठेवला. कुलपातली बाई गोड आवाजात म्हणाली, पुन्हा प्रयत्न करा. त्यांनी दुसरे बोट ठेवले. मग तिसरे. विश्वेश घामाघूम झाला. त्याने त्यांची बोटे कोरडी केली, ओली केली, त्यांच्यावर क्रीम चोळले, पावडर लावली. दहाही बोटे झाली. बाई प्रत्येक वेळी तितक्याच गोडपणे नाही म्हणाली.

सुलाबाईंनी हात डोळ्यांसमोर धरून पाहिले. बोटांवर रेषाच उरल्या नव्हत्या. त्या कुठे गेल्या, हे कपाटावर बसून मला चांगले ठाऊक होते. त्या ह्याच घरातल्या कुकरच्या बुडाला, कढईच्या काठाला, इराच्या दुधाच्या पातेल्याला लागून गेल्या होत्या. अठरा वर्षे, रोज थोड्या थोड्या. घर घासता घासता घराने त्यांची ओळखच पुसून टाकली होती, आणि आता घरच त्यांना ओळख विचारत होते.

"दादा, ह्याची एक चावीच द्या ना मला," त्या म्हणाल्या.

"अहो मावशी, ह्याला चावीच नसते. तेच तर नवीन आहे."

आप्पा असतातच घरात, ते आतून उघडतील, असे ठरले. आता जुनी चावी सांभाळायची कटकट गेली, असे विश्वेश म्हणाला. चांगल्या मनानेच म्हणाला. सुलाबाई गाठ सोडू लागल्या. ती सुटेना. शेवटी त्यांनी ती दातांनी सोडवली. चावी टेबलावर ठेवून त्या माझ्याकडे वळल्या आणि मला न्यायची परवानगी मागू लागल्या.

"न्या की. पण तुमच्या घरात कशाला..." विश्वेश एवढे म्हणाला आणि थांबला. वाक्याचा उरलेला भाग सगळ्यांना ऐकू आला. मित्रांनो, मी कुलूप आहे, पण माझ्याकडे पाहून कुणी बोललेले मला कळते.

सुलाबाईंनी टेबलावरची चावी पुन्हा उचलली आणि आप्पांनी आपलीही त्यांना दिली. विश्वेशची स्कूटरच्या किल्ल्यांत होती. ती तिथेच विसरली गेली.

वडाळागावात सुलाबाईंची पत्र्याची एक खोली आहे. मी तिथल्या कडीत अडकलो. मी आता काय राखतो, ते सांगतो. एक गॅस, सात भांडी, एक टीव्ही जो थोपटल्यावर लागतो, आणि भिंतीवर त्यांच्या मालकांचा, म्हणजे वारलेल्या नवऱ्याचा, हार घातलेला फोटो. इतक्या जबाबदारीचे काम मला आधी कधी मिळाले नव्हते, कारण इथे काही गेले तर पुन्हा सेलमध्ये येणार नव्हते.

पुढचे मी डोळ्यांनी पाहिले नाही. शेजारी जहिदाबी राहते, पिको-फॉलची कामे करते. संध्याकाळी सुलाबाई पायरीवर बसून तिला सांगत आणि मी कडीवरून ऐके. सकाळी अकराला त्या इंदिरानगरला घंटी वाजवत. आत आप्पा खुर्चीतून उठत. मग काठीचा आवाज. खुर्ची ते दार, चौदा पावले. दाराबाहेर उभ्या राहून सुलाबाई मोजत. प्रत्येक पावलाला म्हणत, आप्पा, सावकाश. एक दिवस नवव्या पावलाला काठी पडल्याचा आवाज आला आणि मग काहीच ऐकू आले नाही. सुलाबाईंनी काळ्या काचेवर दहाही बोटे ठेवून पाहिली. गोड बाई नाही म्हणत राहिली. बऱ्याच वेळाने आतून आप्पा म्हणाले, लागलं नाही गं, येतोय. कोपर फुटले होते. आप्पांनी ते घरात कुणाला सांगू दिले नाही. भिंतीला घासले, एवढेच सांगितले.

दुसऱ्या दिवसापासून सुलाबाई गेल्या नाहीत. लतिकावहिनींचे फोन आले, तर बरे नाही म्हणाल्या. मग फोन उचलेनाशा झाल्या. विश्वेशला वाटले, त्या ठशाचा अपमान धरून बसल्या. जहिदाबीलाही तसेच वाटले.

"अंगठा घिसला तुझा, भरोसा थोडीच घिसला त्यांचा? जा, बोलून ये," ती म्हणाली.

 सुलाबाई म्हणाल्या, "भरवशाचं नाय गं. माझ्यासाठी उठता उठता म्हातारा पडंल एखाद दिवशी. मी गेलेच नाय, तर उठायचं कारणच नाय त्याला."

ते घर त्यांनी सोडले ते ह्यासाठी. आणि सोडल्यापासून अकरा वाजले की त्या माझ्याकडे बघत बसत. त्या वेळी आप्पांना चहा कोण देत असेल, हे मला विचारायचे होते. विचारणार कसा.

तिसऱ्या रविवारी दुपारी गल्लीत विजेवर चालणारी स्कूटर आली. विश्वेश उतरला. सुलाबाई रेशनच्या दुकानात गेल्या होत्या. जहिदाबीने मशिनवरून मान न उचलता त्याला सांगितले, की येईल, बसा. बसायला पायरी होती आणि पायरीवर ऊन होते.

तो माझ्यासमोर उभा राहिला. त्याने मला ओळखले. हात सवयीने खिशात गेला आणि किल्ल्यांचा जुडगा बाहेर आला. त्यात त्याची जुनी चावी होती. त्याने ती माझ्या तोंडापर्यंत आणली. मी खरे सांगतो, मी उघडलो असतो. माझा नाइलाज आहे. ज्याच्याकडे चावी, त्याला मी नाही म्हणू शकत नाही. पण तिथेच त्याचा हात थांबला. त्याने चावी खाली घेतली आणि तो पायरीवर बसला. फोन काढला, थोडा वेळ पाहिला, मग खिशात ठेवला. तासभर एका कुलपाबाहेर बसून राहिला. त्याच्या आयुष्यात हे पहिल्यांदाच घडत होते.

सुलाबाई तांदळाची पिशवी घेऊन आल्या. त्याला पाहून त्यांनी आधी विचारले, "आप्पा बरे हायेत ना?"

"बरे आहेत. त्यांनीच पाठवलं." तो पायरीवरून उठला. "कोपराचं काल इराला सांगितलं त्यांनी. मला आज कळलं."

मग त्याने सगळे सांगितले. आप्पांनी इराला माळ्यावर चढवून त्या कुलपाचा डबा खाली काढायला लावला होता. भिंग घेऊन त्यांनी आतला कागद पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. अकराव्या पानावर लिहिले होते, की खालची छोटी झाकणी सरकवली की चावीचे भोक दिसते. आणि डब्याच्या तळाशी, थर्माकोलखाली, प्लास्टिकच्या पिशवीत दोन चाव्या होत्या. अडीअडचणीच्या वेळेसाठी. बंद दाराच्या आत, माळ्यावर, टेप लावून ठेवलेल्या.

"आप्पा काय म्हणाले?" सुलाबाईंनी विचारले.

विश्वेश जमिनीकडे पाहत म्हणाला, "म्हणाले, मी तीस वर्षं झडती देऊन घरी आलो. घरात कुणाची झडती होत नाही, एवढंच घराचं सुख. ते तू दाराला लावलंस."

जहिदाबीचे मशिन थांबले होते. विश्वेशने खिशातून नवी कोरी चावी काढून सुलाबाईंच्या हातात दिली. मग जुडग्यातून माझी जुनी चावी सोडवून तीही पुढे केली. तुमच्या घराची चावी माझ्याकडे राहायला नको, असे काहीतरी पुटपुटला.

सुलाबाईंनी ती घेतली, उलटसुलट करून पाहिली आणि त्याच्या तळहातावर परत ठेवली.

"राहू द्या. तुमची माझ्याकडं, माझी तुमच्याकडं. फिट्टंफाट. अन् पुढच्या वेळी उन्हात बसायचं नाय. उघडून आत बसायचं."

सोमवारी अकरा वाजता मी त्यांच्या दाराला लागलेलो होतो. त्या इंदिरानगरला होत्या. संध्याकाळी आल्या तेव्हा जहिदाबीला सांगत होत्या, की आप्पा खुर्चीतून उठले नाहीत, आणि कळवणच्या कुणा मास्तरांच्या मृत्यूची जाहिरात आली होती.

मित्रांनो, नव्या वस्तूंवर माझा राग नाही. त्या काळ्या कुलपाची तर मला दयाच येते. बिचाऱ्याच्या पोटात चावीची जागा होती आणि ते कुणी त्याला विचारलेच नाही. तुम्ही नवीन काही आणाल, जरूर आणा. फक्त डबा माळ्यावर टाकण्याआधी तळापर्यंत रिकामा करा. आणि घरात कुणाकुणाची बोटे झिजली आहेत, ते दार लावण्याआधी एकदा बघून घ्या.

हा दसरा परवा झाला. सुलाबाईंनी मला तेल घातले, फूल लावले. तिकडे त्या काळ्या कुलपालाही कुंकू लावले म्हणे. काचेवर नाही. झाकणी सरकवून, चावीच्या भोकावर. त्यांच्या पदराला आता दोन चाव्या आहेत, एक माझी आणि एक त्याची. चालताना एकमेकींवर वाजतात. गल्लीच्या तोंडाशी तो आवाज आला की मला कळते, आता उघडायचे आहे.