पडद्यामागचे मांडे

डाव्या हाताला मनगटापासून कोपरापर्यंत दाढीच्या साबणाचा फेस लावून झुलाल ओसरीतल्या आरशासमोर बसला होता. खरे तर आरशाची काही गरज नव्हती. पण वस्तरा हाती घेतला की समोर आरसा हवाच, ही जन्माची सवय. आरशातला माणूस चांगलाच वैतागलेला दिसत होता.

"कोपरलगून काढा," भिकुबाई चुलीपासूनच म्हणाली. "मांगला खेपले मांडामा केस निंघना व्हता."

"तो मना नही व्हता. तुना बोकडना व्हई."

"बोकड मांडा नही करस."

झुलालने वस्तरा चालवला. काळ्या हाताची एक पट्टी गुळगुळीत होऊन बाहेर आली आणि त्याला वाटले, हा हात आपला नव्हेच. कुठल्या तरी बाईचा हात चुकून आपल्या खांद्याला लागला आहे.

दोन वर्षांपूर्वीपर्यंत हाच हात धुळ्याच्या मिलमध्ये साच्यांच्या पोटात शिरत असे. झुलाल लूमखात्यात जॉबर होता. कापड विणणारे साचे अडले, भरकटले की त्यांना ताळ्यावर आणायचे, हे त्याचे काम. चार माणसे त्याला 'नाना' म्हणत. सकाळी भोंगा झाला की डबा घेऊन निघायचे, संध्याकाळी कानात साच्यांची खडखड घेऊन परतायचे. मग एके दिवशी मिलच्या फाटकाला कुलूप लागले. आज उघडेल, उद्या उघडेल, असे म्हणता म्हणता सत्त्याऐंशी साल उजाडले आणि झुलालला सत्तेचाळिसावे लागले.

मिल बंद झाल्याचे दुःख एक वेळ सोसले असते. सल्ले सोसवेनात. पिठाची चक्की टाका, असे एकजण म्हणे. रिक्षा शिका, असे दुसरा. किराणा दुकानासमोर पाच मिनिटे उभे राहिले तरी कोणी ना कोणी त्याच्या उरलेल्या आयुष्याचा बेत करून देई आणि काडेपेटी घेऊन निघून जाई. मिलमधला सोबती वना केळी विकू लागला होता. त्याच्या आग्रहाने झुलालने आठवडाभर केळीची गाडी लावून पाहिली. पण ओरडल्याशिवाय केळी विकली जात नाहीत आणि ओरडणे झुलालच्या स्वभावातच नव्हते. तो दिवसभर गाडीपाशी गुन्हेगारासारखा मुकाट उभा राही आणि संध्याकाळी काळी पडलेली केळी घरी घेऊन येई. बोकडाने तेवढ्या दिवसांत अंग धरले.

घर चालत होते ते भिकुबाईच्या मांड्यांवर. तिचा हात आधीपासूनच नावाजलेला. लग्नात, आखाजीच्या सणाला, डोहाळजेवणात लोक तिला खापरावरचे मांडे करायला बोलवायचे. पूर्वी ती हौस होती, मिल बंद झाल्यावर तो संसार झाला. मात्र त्याला धंदा असे कोणी म्हटले नाही. झुलालनेही नाही. "बाई जाते कुठे कुठे मदतीला," असे तो सांगत असे.

संक्रांतीनंतर भिकुबाईचा उजवा खांदा आखडला. हात छातीच्या वर जाईना. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरने औषध दिले, व्यायाम सांगितला आणि बरे व्हायला वर्षभर तरी जाईल असे सांगून ठेवले. घरी आल्यावर भिकुबाई बराच वेळ खापराकडे पाहत बसली. मग नवऱ्याला म्हणाली, "मी भरी देसू. तुम्ही हातवर ल्या."

झुलालला आधी वाटले, ती थट्टा करते आहे. पण भिकुबाईला थट्टा येत नसे.

मांडा हातांवर घेणे म्हणजे काय, हे ज्याने केले नाही त्याला सांगून कळायचे नाही. वस्त्रगाळ पिठाची सैल कणीक तासभर तिंबायची. तिच्यात पुरण भरून उंडा करायचा. तो पालथ्या हातांवर घेऊन या हातावरून त्या हातावर असा नाचवत न्यायचा की तो आपल्याच वजनाने पसरत पसरत कोपरापर्यंत येतो. मग चुलीवर उलट्या ठेवलेल्या तापल्या खापरावर तो अलगद सोडायचा. हे सगळे बायका गप्पा मारत करतात. झुलालने पहिला उंडा घेतला तो सरळ जमिनीवर गेला. दुसरा मनगटाच्या केसांत अडकला आणि ओढून काढताना त्याच्या डोळ्यांत पाणी आले. त्या दिवसापासून हात भादरणे सुरू झाले.

"दाबू नका. ते काय लोखंड शे?" भिकुबाई म्हणे.

"दाबत नही मी."

"मंग फाटनं कसं?"

"मले काय माहीत! त्यालेच इचार."

महिनाभर घरात फाटके मांडे होते. सकाळी फाटका मांडा दुधाशी, रात्री फाटका मांडा तिखट रशीशी. शेजारच्या तानुबाईने दोन-तीनदा गोड मानून घेतले, मग तीही दार लावून बसू लागली. पुरणाचा वास आला की झुलाल उठून ओसरीत जाऊन बसे. एवढे करून भिकुबाई एकदाही "राहू द्या" म्हणाली नाही. तिने तसे म्हणावे म्हणून तो रोज वाट पाहत होता.

आणि एके दुपारी, तो तिच्यावर मनातल्या मनात चिडलेला असतानाच, मांडा न फाटता कोपरापर्यंत गेला. साच्यावर दोरा तुटायच्या आधी ताण कसा बदलतो, ते तो इतकी वर्षे हाताला विचारूनच ओळखत आला होता. तसेच काहीतरी मनगटावर जाणवले. जिथे पातळ होत होते तिथून हात आपोआप सरला. मांडा खापरावर सोडताना चुलीतला जाळ त्यातून लालसर दिसला. भिकुबाईने तो उलटला, घडी घातली.

"हां," एवढेच ती म्हणाली.

तेवढ्यावर झुलालला रात्रभर बरे वाटले. सकाळी पुन्हा वैताग आला, कारण आता "येत नाही" हे सांगायची सोय राहिली नव्हती.

भादरलेले हात दिसू नयेत म्हणून ऐन वैशाखात तो पूर्ण बाह्यांचा सदरा घालून हिंडू लागला. मनगटाची बटणेसुद्धा लावलेली. धुळ्याच्या उन्हात असा माणूस लपत नाही. वनाने त्याला चौकात गाठले, बाजूला घेतले आणि आवाज खाली आणून म्हणाला, "नाना, लपाडाले काय व्हयनं? चामडीना आजार कोनलेबी व्हस. फैजपूरले एक वैद येस, मनी मावशी बठ्ठी बरी व्हयनी."

झुलालने आजार नाही म्हणून सांगितले. वनाने समजूतदारपणे मान हलवली. चार दिवसांत आणखी तिघांनी त्याला त्या वैद्याचा पत्ता दिला.

अशात भिकुबाईचा भाऊ रतिलाल जळगावहून आला. त्याच्या मुलीचे लग्न ठरले होते, व्याही फैजपूरकडचे. बहिणीला मांड्यांचे सांगायला तो आला होता. साऱ्या मांडवाला वरण-बट्टी, पण व्याह्यांच्या पंगतीला आमरस आणि अक्काच्या हातचे मांडे. तिच्या खांद्याचे त्याला इथे आल्यावर कळले. कोण करणार ते कळल्यावर त्याने झुलालकडे असे पाहिले की झुलालने उगाच बाह्या सारख्या केल्या.

पण रतिलालच्या पिशवीत दुसरीही गोष्ट होती. जळगावच्या एका डाळमिलमध्ये पहारेकऱ्याची जागा निघाली होती. तिथले मुनीमजी त्याच्या बसण्याउठण्यातले.

"दाजी, खाकी शर्ट, काठी, शिट्टी. फाटकपान टूल टाकीसन बसानं," रतिलाल म्हणाला. "मुनीमजी लगीनमा येतीन, तुमले एकडाव देखतीन, बस. जॉबर व्हतू, इतलंच सांगा. मांडास्नं नावबी काढू नका."

खाकी शर्ट झुलालच्या मनात जाऊन बसला. पुन्हा फाटक, पुन्हा डबा, पुन्हा ठरल्या वेळेला घरातून निघणे. कोणी विचारले तर सांगता येईल असे काहीतरी. भिकुबाईने सारे ऐकले, भावाला चहा दिला आणि मांडे किती लागतील ते विचारले.

झुलालने एकच अट घातली. मांडे पडद्याआड होतील. बायकोने चादर काढली, ती त्याने उजेडात धरून पाहिली. आरपार दिसत होते. दुसरी पाहिली, तिला भोके. शेवटी त्याने स्वतःच पेटी उघडली आणि तळाचा मांजरपाट बाहेर काढला. मिल बंद व्हायच्या आधी मिलच्याच दुकानातून त्याने तो घेतला होता. त्याच्याच साच्यांवरचे कापड, काठाला मिलचा निळा शिक्का. शिवायचे काहीच ठरले नव्हते. नुसते घेऊन ठेवले होते.

"हाई?" भिकुबाईने विचारले.

"हाई जाड शे," तो म्हणाला आणि पेटीचे झाकण जरा जोरातच लावले.

जळगावपर्यंत खापर त्याच्या मांडीवर होते. भिकुबाईचा नव्या खापरावर भरवसा नव्हता. गोणपाटात गुंडाळलेले ते ओझे पाहून कंडक्टरने सामानाचे तिकीट मागितले. खाली ठेवले तर फुटेल आणि वर ठेवले तर कोणाच्या तरी डोक्यात पडेल, असे झुलालने सांगितले. पारोळ्याला एका म्हातारीने आत काय आहे विचारले. एरंडोलला ती झोपी गेली आणि तिचे डोके खापरावर टेकले. झुलाल पूर्ण बाह्यांत घामाने भिजत बसून राहिला. पलीकडे भिकुबाई खिडकीतून शांतपणे केळीच्या बागा पाहत होती. या बाईला कधीच कशाचा वैताग कसा येत नाही, याचाही त्याला वैताग आला.

लग्नाच्या दिवशी मांडवाच्या एका कोपऱ्यात चार बांबू रोवून मांजरपाट ताणला. आत चूल, खापर, परातीत कणीक, पातेल्यात पुरण. झुलालने धुतलेला सदरा बांबूला अडकवला, मुनीमजींना भेटताना घालायला. उघड्या हातांनी तो चुलीपुढे बसला. भिकुबाई डाव्या हाताने उंडे भरी आणि त्याच्या पुढे ठेवी. बाहेर मंगलाष्टके झाली, अक्षता पडल्या, बँड वाजला. आत धूर कोंडत होता. डोळे चुरचुरत होते. पण हात चालू लागले होते आणि मांड्यांच्या घड्या टोपलीत एकावर एक बसत होत्या.

व्याह्यांची पंगत बसली. पडद्यापलीकडून बोलणे ऐकू येऊ लागले.

"असा मांडा मी बारा गावे फिरलो, पाहिला नाही."

"धुळ्याच्या भिकुबाई आहेत. पडद्याआड बसतात. जुन्या वळणाच्या."

"हाताला काय गुण आहे हो बाईंच्या."

वाढपी आत येऊन टोपली नेत होते. झुलालने एकदा बायकोकडे पाहिले. ती चुलीतले लाकूड सारत होती. आपण इथे घामाच्या धारांत नाचतो आहोत आणि गुण बाईंच्या हाताला, या विचाराने तो चिडला. मग पडदा आपणच मागितला होता हे आठवून जास्तच चिडला. पुढचा उंडा त्याने जरा रागानेच उचलला. तो मात्र आजवरचा सगळ्यात पातळ उतरू लागला.

नेमका तेव्हाच पडदा सारून रतिलाल आत आला. नवा फेटा, कपाळाला कुंकू, तोंडावर घाई.

"दाजी, हात धुवा. मुनीमजी पहिल्या रांगमा बठेल शेतस. जेवीसन लगेच निंघतीन. चला."

"मांडा हातवर शे."

"अक्काले द्या."

"अक्काना हात वर जास नही."

रतिलालने कपाळाला हात लावला. "दाजी, जागा रोज नही निंघत."

झुलालने भिकुबाईकडे पाहिले. तिने मान वर केली नाही. हातातल्या उंड्याचे तोंड ती पुन्हा पुन्हा मिटत होती, मिटलेले असूनही.

"जावानं व्हई ते जा," ती म्हणाली. "पंगतले मी सांगस. बट्टी वाढतीन."

मांडा कोपरापर्यंत आला होता. आणखी एक झोका आणि फाटला असता. झुलालने तो खापरावर सोडला, उलटला, घडी घालून टोपलीत ठेवला. मग उठला. रतिलालने बांबूवरचा सदरा काढून पुढे केला. झुलालने तो घेतला नाही. त्याने पडद्याची गाठ सोडली. एक, मग दुसरी.

"दाजी, काय करी ऱ्हायनात? लोके देखतीन."

"धूर कोंडास आठे. मांडा काळा पडस," झुलाल म्हणाला. "ते टोक धर."

"काय?"

"टोक धर. भुईवर लोळी."

मुलीचा बाप असलेल्या रतिलालने, का कोण जाणे, टोक धरले. पडदा उतरला तशी पंगत समोर आली. पहिल्या रांगेतली काही माणसे वर पाहत होती. काळ्या टोपीतले मुनीमजीही पाहत असावेत. झुलालने तिकडे नीटसे पाहिले नाही. त्याचे लक्ष कापडावर होते. मिलच्या घडीखात्यात घालत तशी घडी घालायची तर कापड ताणून धरावे लागते आणि रतिलालला ते येत नव्हते. "ताण. ढिल्लं सोडू नको," तो म्हणाला. दोघे जवळ आले, लांब झाले, पुन्हा जवळ आले. फेटा बांधलेला वधूपिता आणि बंडीवरचा, गुळगुळीत हातांचा त्याचा मेहुणा. पंगतीत कोणीतरी हसले. झुलालच्या कानशिलांना ऊन लागल्यासारखे झाले. घडी मात्र काठाला काठ लावूनच घातली.

ती त्याने टोपलीतल्या मांड्यांवर झाकण म्हणून ठेवली, वाफ धरून राहावी म्हणून. निळा शिक्का वर आला. रतिलाल खांद्यावर टाकलेला सदरा पुन्हा बांबूला अडकवून पाहुण्यांकडे निघून गेला.

झुलाल चुलीपुढे बसला. पंगतीतून आणखी मांडा मागितल्याचा आवाज आला. कोणाचा ते त्याने पाहिले नाही. त्याने दोन्ही हात पालथे करून पुढे धरले आणि भिकुबाईने त्यांवर उंडा ठेवला.