साखरेची गोळी

मेलेलं माणूस परत येत नाही. तेलीबागच्या बौद्ध विहारात दादाराव हे दरवर्षी भाषणात सांगत, आणि नात्यात कुणी कावळ्यासाठी पान वाढलं तर जेवण सोडून उठत. त्यामुळे वारलेली बायको, कमल, परत यायला लागली तेव्हा त्यांची फार पंचाईत झाली.

ती दिसत नसे. चिमटे काढी. जिवंतपणी लग्नाच्या जेवणात दादारावांचा हात दुसऱ्या वाटीकडे गेला की दंडाला तिचा चिमटा बसलाच. यंदाच्या थंडीत ते चौकात जाऊन चोरून मलाई-मक्खन, म्हणजे फक्त थंडीत मिळणारा दुधाचा गोड फेस, खाऊ लागले, आणि सकाळी दंडावर त्याच जागी काळानिळा डाग दिसू लागला. घाबरून त्यांनी मलाई सोडली; डाग गेला. मग घर फार रिकामं वाटायला लागलं, म्हणून पुन्हा धरली.

अडचण एवढीच, की दादाराव एका दवाखान्याच्या संशोधनात होते. रक्त पातळ करणाऱ्या गोळीने यकृतातली चरबी उतरते का, हे तिथे पाहत होते. निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी साखरेची. कुणाला कोणती, हे डॉक्टरांनाही ठाऊक नाही. डॉ. उत्कर्षा मूळच्या अकोल्याच्या, या हिंदी मुलखात दादारावांसारख्याच मराठी, म्हणून त्यांना काका म्हणत. दंड पाहून त्या खूश झाल्या.

"लागली तुमची लॉटरी, काका. खऱ्या गोळीने असेच डाग पडतात."

"आणि साखरेची निघाली तर?"

"तर मग कुणीतरी चिमटे काढत असेल."

दादाराव हसले नाहीत. खरी गोळी मिळावी म्हणून बाकीचे पेशंट देव पाण्यात घालून बसले होते. दादारावांकडे देव नव्हते. ते नुसतेच साखरेची वाट पाहू लागले.

मुलगी पिंकीने एकदा मलाईचा द्रोण पकडला. "पापा, फिर से? मम्मी होतीं तो..."

"तीच तर," म्हणत त्यांनी बाही खाली ओढली.

उन्हाळा लागला. मलाई संपली, गोळ्याही संपल्या. दादारावांनी रबडी खाऊन पाहिली, वर जिलबी खाल्ली, बाही वर करून बसून राहिले. दंड कोरा. ती रबडीला मलाई धरत नसेल, असं त्यांनी स्वतःला समजावलं.

शेवटी डॉ. उत्कर्षांचा फोन आला. दादाराव खऱ्या गोळीच्या गटात होते. त्यांच्या यकृतातली चरबी मात्र वाढली होती.