मुठीतली मोहरी

मित्रांनो, गंगापूर रोडजवळच्या एका हाडांच्या दवाखान्यात, दुसऱ्या मजल्यावर, खिडकीशी जो जुना वॉकर उभा असतो, तो मी. मला चार पाय आहेत, चारही पायांत रबरी बूट आहेत आणि धरायला दोन दांडे आहेत. स्वभावाने मी संशयी आहे, हे आधीच सांगून टाकतो. त्याला कारणही तसंच आहे. सातपूरच्या कारखान्यात मला जोडणारा माणूस तीन बूट बसवून चहाला गेला आणि परत आल्यावर चौथा त्याने घाईघाईत ठोकला. माझा माझ्याच चौथ्या पायावर भरवसा नाही, मग दुसऱ्यांवर कुठून बसणार?

फरशी वाळली असं ती पुसणाऱ्या मावशींनी सांगितलं तरी मला ती ओलीच वाटते. ‘मला काही दुखत नाही’ म्हणणारा पेशंट आला की मी आणखी सावध होतो. माझे दांडे तो किती घट्ट आवळतो, ते मलाच माहीत असतं. मी पुष्कळांना चालतं केलं. घरी जाताना काहीजण मला हात जोडायचे आणि दुसऱ्या दिवशी नव्या पेशंटचे नातेवाईक माझ्यावर ओले टॉवेल वाळत घालायचे. त्यामुळे कौतुकावरही मी फारसा विसंबत नाही.

गेल्या थंडीत दिंडोरीकडच्या एका गावातून चतुराबाई आल्या. द्राक्षबागेत घसरून पडल्या होत्या आणि खुब्याच्या हाडाचं ऑपरेशन झालं होतं. वॉर्डातल्या ललिता सिस्टरांनी त्यांना समजावलं की, पडून राहिलात तर पायात रक्त साकळेल, पाठीला जखमा होतील, छातीत कफ भरेल आणि मग उठणंच होणार नाही. आधी पावलं वरखाली हलवायची, मग पाय खाली सोडून पलंगावर बसायचं, चक्कर येत नाही ना ते बघायचं आणि मगच उभं राहायचं. चालताना पहिला मी पुढे, मग दुखरा पाय, मग चांगला.

चतुराबाईंना घाई होती. तिचं कारण त्यांनी सिस्टरांना हळूच सांगितलं.

“मला माझ्या पायानं संडासला जायचंय, बाई. सून भांडं धरती ना, लय मेल्यावानी होतं मला.”

ही सून म्हणजे उज्वला. माझा सगळा संशय तिच्यावर. गावाकडून पिकअप भरून माणसं भेटायला आली की ती मला पडद्यामागे ढकलायची आणि सासूच्या गळ्यापर्यंत चादर ओढायची. चतुराबाई कण्हत पडून राहायच्या. पाहुणे गेले की उज्वला उजवी मूठ घट्ट मिटून पलंगाभोवती घुटमळायची आणि सिस्टर दिसल्या की हात पदराखाली न्यायची. सासू उठून चालावी असं हिला वाटतच नाही, हे मी मनाशी पक्कं करून टाकलं. त्या मुठीत काय आहे ते मात्र मला कळेना.

एका दुपारी कळलं. पाहुणे नुकतेच गेले होते. सिस्टरांनी चतुराबाईंच्या कमरेला पट्टा बांधला, मागून धरला आणि त्यांना उभं केलं. मी पुढे सरकलो आणि माझा चौथा पाय गोल गोल कशावर तरी आला. तो सर्रकन घसरला. चतुराबाई वाकल्या. सिस्टरांनी पट्टा ओढून त्यांना पलंगावर टेकवलं म्हणून हाड वाचलं. फरशीवर मोहरी पसरली होती.

उज्वला रडायलाच लागली. लोक बघून गेले की आईंना दृष्ट लागते, म्हणून ती रोज मीठ-मोहरी उतरवत होती. त्यांना चालताना कोणी बघू नये म्हणून मला लपवत होती. सिस्टर रागावतील या भीतीने मूठ पदराखाली नेताना मोहरी सांडली, ते तिच्या लक्षातही आलं नव्हतं. मी तिला काय काय समजून बसलो होतो!

सिस्टर रागावल्या नाहीत. पण चतुराबाई हबकल्या. त्या जेवेनात, झोपेनात, पावलंसुद्धा हलवेनात. माझ्याकडे तर त्या अशा संशयाने बघायच्या की तसं मीही कधी कोणाकडे बघितलं नसेल. दोन दिवस त्या उठल्या नाहीत आणि भांडं धरायला उज्वलाच होती.

तिसऱ्या दिवशी ललिता सिस्टर पलंगाशी स्टूल घेऊन बसल्या. चालण्याचा विषय त्यांनी काढलाच नाही. बागेवर गारांचं आभाळ आलं की तुम्ही काय करता, एवढंच विचारलं.

चतुराबाई म्हणाल्या, “घरात नाय बसत. बसलं की जास्ती भ्या वाटतं. बांधावर जाऊन उभी ऱ्हाती.”

“मग आज नुसतं उभंच राहू, आजी.”

उज्वलाने फरशी स्वतः झाडली, पुसली, गुडघ्यावर बसून हाताने चाचपली. चतुराबाईंनी माझे चारही बूट दाबून बघायला लावले आणि चौथा सैल निघाला. तो बदलला. तरी त्यांनी मला गदागदा हलवून पाहिलं, आणि मला पहिल्यांदाच कोणीतरी आपलं माणूस भेटल्यासारखं वाटलं. त्या दिवशी त्या नुसत्या उभ्या राहिल्या. मग दारापर्यंत गेल्या. मग एका सकाळी संडासापर्यंत. सिस्टरांनी बजावल्याप्रमाणे त्यांनी कडी लावली नाही, पण दार मात्र स्वतःच्या हाताने लोटून घेतलं. बाहेर उज्वला तोंडाला पदर लावून उभी होती.

त्या परत येऊन बसल्यावर उज्वलाने रुमालात गच्च बांधलेली मीठ-मोहरीची पुरचुंडी काढली. तशीच बांधायची, असं तिचं आणि सिस्टरांचं ठरलं होतं. तिने ती सासूवरून उतरवली, जरा थांबली आणि मग माझ्यावरूनही उतरवली.

मित्रांनो, तुमच्या घरी आजी-आजोबांसाठी माझ्यासारखा कोणी आला तर त्याच्यावर टॉवेल वाळत घालू नका. त्याचे बूट दाबून बघा, फरशी चाचपून बघा आणि मगच त्यांच्या हाती द्या. मी अजूनही सगळ्यांवर संशय घेतो. फक्त कोणी मूठ मिटून आलं, की हल्ली आधी ती उघडायची वाट बघतो.