पक्कं केलेलं कोळपं

मार्केट यार्डाच्या मागच्या गल्लीत कादरभाईंचं वेल्डिंगचं दुकान. हमालांच्या हातगाड्या दुरुस्त करता करता माणूस साठीला आला, पण 'आमचं काम हालत नाही' हे दिवसातून दहादा ऐकवल्याशिवाय चैन पडायची नाही. ऐकून ऐकून बायकोचे, नाजिमाचे, कान किटले होते.

अलीकडे त्यांनी नवंच खूळ काढलं होतं. भंगारातल्या सायकलचं पुढचं चाक आणि हँडल घ्यायचं, मागे माती खरवडणारं पातं लावायचं, की झालं सायकलकोळपं. बैल नको, डिझेल नको. एकटी बाई उभ्याउभ्या ढकलत तण काढते. मांजरी गावच्या मुक्ताईने गवार-भेंडीच्या दहा गुंठ्यांसाठी एक नेलं होतं. तिच्या बचत गटातल्या अकरा जणी डोळे लावून बसल्या होत्या. मुक्ताई हो म्हणाली तर अकरा कोळपी, नाहीतर आपली खुरपी बरी.

आणि शुक्रवारी मुक्ताई तेच कोळपं खांद्यावर टाकून दुकानात हजर. पातं धरणारे दोन्ही दांडे वाकलेले, तेही महिन्यात दुसऱ्यांदा. परवा गटाची बैठक हाय, एवढंच ती म्हणाली.

कादरभाईंनी दांडे निरखले नि चक्रावलेच. कोळपं पुढे ढकलतात, म्हणजे माती पात्याला मागे रेटणार. वाकलं तर मागे वाकायला हवं. हे तर पुढे वाकलेलं! मुक्ताईला विचारलं, तर म्हणाली, चालवायचं तसंच चालवते. ती गेली, पण डोक्यातला किडा काही जाईना. रात्री जेवताना ते पोळीचा तुकडा ताटात पुढे-मागे सरकवत बसले, तेव्हा नाजिमाने विचारलं, मांजरीचं शेत ताटात दिसणार आहे का?

शनिवारी दांडे सरळ करून त्यांनी कोळपं बसमध्ये चढवलं. उरलेली सायकल मागच्या बसने येतेय का, म्हणून कंडक्टरने चौकशी केली. पुण्यात एवढं चालायचंच.

मुक्ताईच्या रानाला दोन्ही टोकांना नव्या इमारतींच्या भिंती. सरी थेट भिंतीला जाऊन भिडायची, वळायला वीतभर जागा नाही. मुक्ताई कोळपं ढकलत भिंतीपर्यंत गेली आणि न वळता, तसंच दाबून ओढत, उलट्या पावलांनी परत निघाली.

"अहो ताई, हे ढकलायचं आहे. ओढायचं नाही!"

"मग रिकामं परत यायचं व्हय?"

कादरभाईंना ते पटलंच. ज्या यार्डात जन्म गेला, तिथला एकही हातगाडीवाला होता होईतो रिकामा फिरत नाही. ते उकिडवे बसून सरीत बघू लागले. जाताना मुक्ताईच्या पावलांखाली दबलेलं तण येताना पातं उचलून काढत होतं. बाईचं काम नामी होतं. पुढे वाकण्याचं कोडं ओढण्याने सुटलं, पण एवढ्यावर दांडे का वाकावेत?

"हे पहिल्यापासूनच वाकायचं का?" त्यांनी विचारलं.

मुक्ताई घुटमळली. मग म्हणाली, "नाय. पयल्यांदा पातं नटावर सैल हुतं. ढकललं की हिकडं कलायचं, वढलं की तिकडं. लई ब्येस चालायचं. मी पंक्चर काढाया आले, तवा तुमीच त्याला वेल्डिंग मारलं."

"तेव्हाच का नाही बोललात?"

"फुकट करून दिलं वो तुमी. वर म्हणाला, आता हालायचं नाय. कसं बोलावं?"

कादरभाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. कोळपं घेऊन दुकानात परतल्यावर त्यांनी आधी ग्राइंडर लावून ते वेल्डिंग कापलं. चाळीस वर्षांत आपलंच पक्कं काम त्यांनी पहिल्यांदा तोडलं. मग नट-बोल्ट बसवला, आणि तो गच्च आवळायला शिवशिवणारा हात मोठ्या कष्टाने आवरला.

रविवारी अकरा जणी बांधावर उभ्या होत्या. मुक्ताई भिंतीपर्यंत गेली, ओढत परत आली. पातं दोन्हीकडे कललं, दांडे सरळ राहिले. तिने वाकून पात्याला हात लावला.

"हालतंय," ती गटाकडे बघून म्हणाली. "घ्या."